लातूर ते नांदेड, हवेतून

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. आमच्या वीरण्णा अप्पांचं तोंड कधी पोळलंच नव्हतं, तरी ते पाणीसुद्धा फुंकून पीत. लातुरात त्यांचं किराणा दुकान आणि माझं वह्या-पुस्तकांचं, भिंतीला भिंत लागून. आलेलं प्रत्येक पोतं ते स्वतःच्या काट्यावर पुन्हा तोलत. मुलगी मंजुश्री शिक्षिका. ती शाळेत पोचली का, हे तिला विचारून त्यांचं भागत नसे; मुख्याध्यापिकेला फोन लावून खात्री करत. लेकीवर त्यांचा जीव होता, पण त्या जिवातही संशय मुरलेला.

तिला नांदेडचं स्थळ आलं. मुलगा श्रीशैल, घरचं औषधांचं दुकान. दोघं भेटली, मंजुश्रीनं होकारही दिला. गाडी अडली ती अप्पांच्या अटीवर: लेक जवळ द्यायची, मनात आलं की उठून जाता आलं पाहिजे. मध्यस्थ शिवप्पांनी मोबाइल पुढं केला. त्यावर होतं, लातूर ते नांदेड, अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, वेळ जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. कोपऱ्यात विमानाचं चित्र होतं, त्यावर शिवप्पांचा अंगठा. अप्पांनी तो अंगठा उचलायला लावला.

कुठंतरी पाणी मुरतंय, असं त्यांनी तिथंच जाहीर केलं. एसटीला साडेतीन तास लागतात, रस्ता थोडाच लांब. मग मधले तीन तास खाल्ले कुणी? विमानाचा वेग सांगून शिवप्पा थकले. दुसऱ्या दिवशी अप्पा माझ्या स्कूटरवर मागं बसले आणि मला थेट गावाबाहेरच्या विमानतळावर घेऊन गेले. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सांगितलं, इथून नांदेडला प्रवासी विमान जात नाही. अप्पांचा त्याच्यावरही विश्वास बसला नाही. भर उन्हात ते आभाळाकडं बघत उभे राहिले, मलाही बघायला लावलं. वर दोन-चार घारी तेवढ्या फिरत होत्या. मला चहाची तलफ आली होती आणि रागही.

परतीच्या वाटेवर त्यांचं पक्कं झालं. जे विमानच नाही त्याची वेळ सांगणारे लोक मुलाबद्दल काय काय सांगत असतील? घरी येताच त्यांनी शिवप्पांना बोलावलं आणि स्थळ नको म्हणून कळवायला सांगितलं. मी चहासाठी थांबलो होतो. मंजुश्री स्वयंपाकघराच्या दारात आली.

"अप्पा, साडेतीन तास लागतात हे मला पहिल्यापासून ठाव होतं," ती म्हणाली. "म्हणून तर मी हो म्हणले. खरंच वीस मिनिटं असती, तर मीच न्हाई म्हणले असते."

तिचा आवाज जराही चढला नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. तुमचा फोन आला की शाळेतल्या बाया माझ्याकडं बघून हसतात, एवढं सांगून ती आत गेली. तिची आई, महानंदावहिनी, आमच्याकडं न बघता चहा गाळत राहिल्या. मला अप्पांची कीव आली. माणूस वाईट नव्हता हो.

चहा झाल्यावर अप्पांनी शिवप्पांना सांगितलं, स्थळ पसंत आहे म्हणून कळवा. मग मला सोडायला स्कूटरपर्यंत आले.

"हे तिला कुणी शिकवलं असंल?" त्यांनी हळूच विचारलं. संशय शिवप्पांवर होता, बहुतेक माझ्यावरही.

"तुम्हीच," मी म्हणालो.