मढ्याचा पार्ट

निमगाव केतकीच्या गेणबानं जत्रेतल्या नाटकांत कुठला पार्ट केला नाही, ते विचारा. फौजदार झाला, सासू झाला. एका नाटकात तर आधी चोर आणि धोतर बदलून लगेच त्याच चोराचा बाप. अंगात कायम भिंगरी. माणूस बसला तरी पायाचा अंगठा हलतच राहायचा.

शहाण्णव साली इंदापूरच्या अलीकडं माळावर सिनेमावाले उतरले. डायरेक्टर मोहनरावांनी अशा माणसाला पार्ट दिला तो मढ्याचा! खाटेवर पडायचं आणि हिरोनं उशाशी रडायचं. पण नीट पडून राहिलास तर पुढं तलाठ्याचा पार्ट, चांगलं दोन पानांचं बोलणं, हेही कबूल केलं. गेणबानं आठ दिवस घरात निपचित पडायचा सराव केला. बायको विजयमाला त्याच्या भोवतीनं केर काढायची.

शूटिंगला हिरो दिग्विजय पहिल्याच वाक्याला अडला. "आबा, तुमचा शब्द..." पुढं काही येईना. दुसऱ्यांदा तेच, तिसऱ्यांदा तेच. गावच्या नाटकाचा रिवाज असा, की सोबत्याचं वाक्य अडलं तर जवळच्यानं हळूच पुरवायचं, मग तो राजा असो की शिपाई. डोळे मिटूनही गेणबाला तलाठी दिसत होता, ती दोन पानं दिसत होती. त्यानं दात आवळले, श्वास धरला. चौथ्यांदा दिग्विजय अडला, आणि मढं बोललं,

"मी मोडला न्हाय."

सगळा माळ हसला. मोहनराव तेवढे हसले नाहीत. गेणबाला डोक्यापासून पायापर्यंत चादरीखाली घालून त्यांनी शॉट पुन्हा घेतला, आणि तलाठी दुसऱ्याला दिला.

सिनेमा बारामतीला लागला. दुपारच्या खेळाला गेणबा खुर्चीत नुसता चुळबुळत होता. एवढं गावभर सांगून ठेवलेलं, आणि तोंडच दिसायचं नाही. पडद्यावर खाट आली, चादर आली. विजयमालानं कोपरानं ढोसलं.

"तुमीच हायसा."

"कशावरनं?"

"अंगठा बघा की."

चादर पायथ्याला बारीक हलत होती. गेणबा पुढं सरकून बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बारामतीला, या खेपेला गावातली सात माणसं घेऊन. एसटीतच प्रत्येकाला बजावलं: खाट आली की हिरोकडं बघायचं न्हाय, पायथ्याला बघायचं.