बाल्कनीतली सीट

मागच्या शनिवारी कॉलवर धाकट्याने माझ्या खांद्यामागे बघितलं आणि विचारलं, "आजी, व्हेअर इज द कार सीट?" मी "दिली" एवढंच म्हटलं. फोनवर ते सांगता आलं नसतं. म्हणून लिहिते आहे. तुम्हाला मराठी कळतं पण वाचता येत नाही, तेव्हा आई वाचून दाखवेल. मध्ये थांबून इंग्रजी करू नकोस, असं तिला बजावलं आहे. मी इथे आखातातल्या शाळेत आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, पण हे इंग्रजीत लिहायला बसले तर आजोबा कुणी दुसरेच गृहस्थ वाटायला लागले.

ती सीट आजोबांच्या पिकअपची. ड्रायव्हरशेजारची, म्हणजे खरं तर माझी.

तुमची आई लग्न होऊन कॅनडाला गेली त्या वर्षी आजोबांनी ती जुनी पांढरी पिकअप घेतली. सित्र्याच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून त्यांची नोकरी संपत आली होती, आणि घरात बोलायला फक्त मी उरले होते. मला वाटलं, सामान आणायला घेतली असेल. पण पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्टेपनी काढून ठेवली. मग मागचं फळकं. मग एका सकाळी सीटचे बोल्ट काढून ती खांद्यावर घेतली आणि दोन जिने चढून घरी आले.

"अहो, मग मी कुठे बसू?"

"बाल्कनीत," ते म्हणाले. "गाडी हलकी पाहिजे."

त्यानंतर मी टॅक्सीने फिरले आणि संध्याकाळचा चहा त्या सीटवर बसून प्यायले. खोटं कशाला बोलू, बाल्कनीतल्या कुठल्याही खुर्चीपेक्षा ती चांगली होती.

आजोबा सांगलीजवळच्या गावचे. त्यांच्या लहानपणी तिथे बैलगाड्यांच्या शर्यती व्हायच्या आणि त्यांचे वडील जत्रेच्या आधी महिनाभर बैलांना स्वतःच्या हाताने खुराक भरवायचे. इथे वाळवंटातल्या ट्रॅकवर थंडीत शुक्रवारी दुपारी गाड्या पळतात हे कळल्यावर त्यांना तेच सगळं आठवलं असणार. सरळ पाव मैलाचा रस्ता, शेजारी शेजारी दोन गाड्या, आणि मध्ये दिव्यांचा खांब. पिवळे दिवे एकेक करत खाली येतात, हिरवा लागला की सुटायचं.

यातला एक नियम तुम्हाला समजायला हवा. तो कळला नाही तर पुढचं काहीच कळणार नाही. आपली गाडी तो रस्ता किती वेळात कापेल, तो आकडा ज्याने त्याने पांढऱ्या बूटपॉलिशने पुढच्या काचेवर लिहायचा. ज्याची गाडी सावकाश, त्याचा हिरवा दिवा तेवढाच आधी लागतो. म्हणजे दोघांनी आपापला आकडा बरोबर सांगितला असेल तर दोघं एकदमच पोचायला हवेत. जो दिव्यावर चटकन सुटतो, तो जिंकतो. पण आपल्याच आकड्यापेक्षा गाडी लवकर पोचली, तर बाद. आपल्या गाडीबद्दल खोटं सांगितलं, असं धरतात.

आजोबांना हा नियम फार आवडायचा. "जेवढं बोललो तेवढंच करायचं. किती सरळ खेळ आहे," ते म्हणायचे. रोज सकाळी हवेतला दमटपणा बघायचे. हवा कोरडी आणि गार असली की इंजिन मोकळा श्वास घेतं, दमट असली की गुदमरतं. शुक्रवारी माझ्या फ्रीजरमध्ये मटारांच्या जागी बर्फाच्या पिशव्या असत. दोन शर्यतींच्या मध्ये त्या इंजिनावर ठेवायच्या. बॉनेट उघडलं की टर्बोवर, म्हणजे इंजिनाला जादा हवा देणाऱ्या पंख्यावर, माझी जुनी सुती साडी पसरून ठेवत, प्रतिस्पर्ध्याला दिसू नये म्हणून.

प्रतिस्पर्धी म्हणजे मालवणचा एक माणूस. आजोबांपेक्षा बराच तरुण. ड्रायव्हर म्हणून आला आणि आता मआमीरला त्याचं स्वतःचं गॅरेज आहे. त्याची पिकअप त्याच कंपनीची, पण काळी आणि आजोबांच्या गाडीहून थोडी जास्त जोरात पळणारी. पहिल्या दिवशी त्याने आजोबांच्या गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "सायबानू, ही गाडी हा की सांगलीची बैलगाडी?"

"बैलगाडीच," आजोबा म्हणाले. "मागे राहा, नाहीतर शेण उडेल अंगावर."

आणि जिंकले. तिथून दोघांची जोडी जमली. एकमेकांना इंजिन दाखवायचं नाही, टायरमध्ये हवा किती ते सांगायचं नाही, आणि शुक्रवारी संध्याकाळी एका टेबलावर जेवायचं, झिंज भागातल्या आमच्या घरी. हरेल त्याच्या बाजूने स्वयंपाक. आजोबा हरले तर मी कोल्हापुरी तांबडा रस्सा करायची. तो हरला तर माझ्या स्वयंपाकघराचा ताबा घेऊन स्वतः सुरमईचं कालवण करायचा. बायको-मुलं मालवणला, त्यामुळे हाताला सवय होती. जिन्यात कसला वास येतो यावरून शेजाऱ्यांना निकाल कळायचा.

"वयनी, रस्सो झक्कास! सायबानू, असेच हरत रवा."

"पुढच्या शुक्रवारी मासे नीट निवडून आण. काटे फार होते मागच्या वेळी."

"काटे नाय सायबानू, तुमची जीभ जड हा."

मग तीन वर्षांपूर्वी आजोबांच्या शर्टाची बटणं लागेनाशी झाली. उजवा हात थरथरत नव्हता, नुसता उशिरा हलायचा. कप उचलायचा म्हटलं की हात क्षणभर विचार करायचा आणि मग निघायचा. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. हा सावकाश वाढेल, सध्या गाडी चालवायला हरकत नाही, पुढचं पुढे बघू, असं म्हणाले. परत येताना आजोबांनी माझ्याकडून वचन घेतलं की कुणालाही सांगायचं नाही. तुमच्या आईलाही नाही, आणि मालवणच्या माणसाला तर मुळीच नाही.

"त्या ट्रॅकवर मी पेशंट नाही," ते म्हणाले. "तिथे मी फक्त काचेवरचा आकडा आहे. तेवढं मला राहू दे."

त्या थंडीत मला रोज तीच भीती होती. हात उशिरा हलणारा माणूस दिव्यावर उशिराच सुटणार, हरत राहणार, आणि मग त्यांच्याजवळ काही उरणार नाही. पण ते जिंकायला लागले. एका शुक्रवारी जिंकले, मग पुढच्या, मग त्याच्याही पुढच्या. दर वेळी तेच. काळी गाडी शेवटी त्यांना मागे टाकून पुढे जायची, लोक टाळ्या वाजवायचे आणि मग कळायचं की ती स्वतःच्या आकड्यापेक्षा लवकर पोचली, म्हणून बाद.

"काय करू, सायबानू? गाडी माझा आयकत नाय," तो कपाळावर हात मारून म्हणायचा. घरात सुरमईचा वास सुटायचा. आजोबा डाव्या हाताने जेवायचे आणि विजेत्यासारखे हसायचे. औषधापेक्षा याचाच गुण येतोय असं मला वाटायचं.

फेब्रुवारीतला एक शुक्रवार फार दमट होता. वारा नव्हता, समुद्रावरून पाणी भरलेली हवा येत होती आणि खिडक्यांच्या काचांना घाम फुटला होता. अशा हवेत सगळ्याच गाड्या जड पळतात. त्या दिवशी ट्रॅकवरची प्रत्येक गाडी आपल्या आकड्याच्या मागे राहिली. एक काळी सोडून. ती तेवढी लवकर पोचली आणि बाद झाली.

संध्याकाळी तो माझ्या स्वयंपाकघरात कोकम भिजत घालत होता. आजोबा टेबलाशी बसून काचेवरच्या घामाकडे बघत होते. ताट वाढलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "आजच्या हवेत तुझी गाडी लवकर पोचू शकत नाही."

"पोचली तर खरी."

"पोचली, कारण तू आकडा सावकाश लिहिलास. मुद्दाम. आणि किती शुक्रवार लिहितोयस?"

त्याचं लक्ष आजोबांच्या उजव्या हाताकडे गेलं आणि मला कळलं की त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

"सायबानू, रागावू नका," तो हळू म्हणाला. "माझ्या बापाशीचो हात पण असोच थांबायचो. तुम्ही दिव्यार सुटलात तेवाच माका समाजला."

"म्हणून तू मला जिंकवलंस."

"तुम्ही येवचा बंद केला असतात. मग मी कोणावांगडा पळू?"

खरं कारण तेवढंच होतं. त्यालाही त्या शुक्रवारांशिवाय इथे फारसं काही नव्हतं. पण आजोबांना ते ऐकू आलं नाही. ज्या एका जागी कुणी त्यांची कीव करत नव्हतं, तिथेच कुणीतरी सगळा हंगाम त्यांची कीव करत होतं, एवढंच त्यांना ऐकू आलं.

"मी एकदा खरा हरलो असतो तर चाललं असतं," ते म्हणाले. "खलास. जेव." आणि उठून आत गेले. तो जेवला नाही. भांडी धुऊन, ओटा पुसून गेला. कालवण दुसऱ्या दिवशी मी टाकून दिलं.

आजोबा त्यानंतर ट्रॅकवर गेले नाहीत. पिकअप इमारतीशेजारच्या मोकळ्या जागेत उभी राहिली, काचेवर शेवटच्या शुक्रवारचा आकडा तसाच. त्याला बोलवायला मी दोनदा फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा त्यांनी मान हलवली. "त्याने यायला हवं" असंही म्हणत नव्हते. नुसतं नाही.

पण काही आठवड्यांनी एका शुक्रवारी सकाळी खाली इंजिन सुरू झालं. आम्ही बाल्कनीत होतो, आजोबा त्या सीटवर. आजोबा किल्ली आत विसरून गाडीची दारं लावून टाकायचे म्हणून दुसरी किल्ली मालवणच्या माणसाच्या गॅरेजमध्ये ठेवलेली असे. तो आला होता. गाडी उभी राहिली की बॅटरी मरते. त्याने बॉनेट उघडलं, थोडा वेळ इंजिन चालू ठेवलं, बंद केलं आणि वर न बघता गेला.

पुढच्या शुक्रवारी पुन्हा आला. आजोबा चहा घेऊन आधीच सीटवर बसले होते.

"एका सिलिंडरचं चुकतंय," ते ऐकत म्हणाले.

"मग सांगा ना त्याला. इथूनच हाक मारा."

त्यांनी चहा संपवला. त्याच्या पुढच्या शुक्रवारी इंजिन एकसारखं वाजलं. त्याने आपणहून दुरुस्त केलं होतं. आजोबांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "हं." तेवढंच. वर्षभराहून जास्त काळ ते दोघं असे भेटत राहिले, एक खाली, एक वर. मी दर वेळी म्हणायची, आज बोलतील. दर वेळी वाटायचं, अजून वेळ आहे.

वेळ नव्हता. गेल्या ऑगस्टमध्ये आजोबांच्या छातीत कफ साठला आणि हॉस्पिटलमधून ते परत आले नाहीत. तुमची आई कशीबशी पोचली. तिच्या शेजारी खांदा द्यायला जो रुंद, काळासावळा माणूस होता, तोच हा.

थंडी सुरू झाली तेव्हा तो घरी आला. दारातच उभा राहिला.

"वयनी, सायबांनी सांगितल्यानी तसा एकदा खरा पळूचा हा. तुम्ही येशात?"

मी त्या ट्रॅकवर कधी गेले नव्हते. गेले. तिथली माणसं त्याच्या ओळखीची. एक फेरी त्याने मागून घेतली होती, शेजारची लेन रिकामी ठेवून. दिव्यांसाठी दोन आकडे द्यावे लागतात. एक त्याचा, त्याने माझ्यासमोर काचेवर लिहिला. दुसरा आजोबांचा, पांढऱ्या गाडीच्या काचेवरून वाचून आणलेला.

आजोबांची गाडी सावकाश, म्हणून त्यांचा हिरवा आधी लागला. लेनमध्ये काही हललं नाही. काळी गाडी थांबून राहिली, जेवढं थांबायला हवं तेवढं, आणि मग आपल्या हिरव्यावर सुटली. मला वाटलं नव्हतं इतका मोठा आवाज असतो. पलीकडच्या पाटीवर वेळ उमटली. लिहिलेल्या आकड्याच्या केसभर मागे. बाद नाही. शेजारची पाटी कोरी होती.

तो परत आला, हेल्मेट काढलं, आणि लहान मुलासारखा रडला. "जिकलंय, वयनी," म्हणाला.

मी सकाळीच मटण आणून ठेवलं होतं. घरी येऊन तांबडा रस्सा केला, आमची बाजू हरली म्हणून. त्याने पोटभर खाल्लं, वाटी पुन्हा पुढे केली, आणि मध्येच थांबून समोरच्या खुर्चीकडे बघत राहिला. मीही बघितलं. मीठ किंचित जास्त झालं होतं. आजोबांनी सांगितलं असतं.

पिकअप आता मी त्याच्या नावावर केली आहे. माझं रेसिडेन्सी कार्ड आहे तोवर मी इथे, मग पुण्याला. गाडी न्यायला आला त्या दिवशी निघताना त्याने बाल्कनीत डोकावून बघितलं, मग तिथे जाऊन सीट खांद्यावर घेतली.

"ही पण?" मी विचारलं.

"गाडयेत बसवतंय, वयनी," तो म्हणाला. "आता गाडी हलकी कोणासाठी ठेवूची?"

दोन जिने तो सावकाश उतरला. मी हल्ली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून चहा घेते. शुक्रवारी खाली कुणी इंजिन सुरू करत नाही.