ईलिंगच्या सुनेचा ड्रायव्हर

लंडनमधल्या ईलिंगच्या मराठी मंडळाचं वार्तापत्र कधी पोचलं नसेल इतक्या घरांत एक बातमी पोचली: सुनीतीबाईंची सून ड्रायव्हरबरोबर पळाली. कुणी म्हणे मिनीकॅबवाला, कुणी म्हणे २०७ नंबरच्या बसचा. त्याच्या मिशा आपण पाहिल्याचं मंडळाच्या स्वाती देवस्थळी स्वतःहून सांगत नसत, पण कुणी विचारलं तर नाहीही म्हणत नसत.

सून म्हणजे वरदा. सांगलीची, लग्न होऊन २००८च्या जानेवारीत आलेली. नवरा अंबरीश हॉस्पिटलात रजिस्ट्रार, म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या हाताखालचा डॉक्टर. घरी असला तर झोपलेला, जागा असला तर ऑन कॉल. म्हणजे संसार खरा चालला तो सासूशी.

आणि सुनीतीबाई वाईट नव्हत्या, हीच तर पंचाईत. वाईट सासूबद्दल तक्रार तरी करता येते. बाईंचा नवरा गेलेला, मुलगा ड्युटीवर, घर मोठं. सून आली तशी त्यांनी ती शालीसारखी पांघरूनच घेतली. लायब्ररीत दोघी, भाजीला दोघी, डेंटिस्टकडे दात वरदाचा आणि शेजारच्या स्टुलावर सुनीतीबाई. वरदाने खोलीचं दार लोटलं की बाई चहा घेऊन हजर. बरं नाही का वाटत?

माहेरी बोलायचं तरी तेच. लँडलाइन लावली की स्वयंपाकघरातला दुसरा रिसीव्हर उचलला जाई, "नुसता नमस्कार करते हं विहीणबाईंना." मोबाइलवरून इंडिया लावायचा नाही असं अंबरीशचं म्हणणं, कारण स्काइप फुकट. मग रविवारी डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडायचा आणि त्याच्यासमोर सुनीतीबाई आधीच केस सारखे करून बसलेल्या. स्पीकर फुल. सांगलीहून आई विचारी, "वरदा, कशी आहेस?" आणि उत्तर शेजारच्या खुर्चीतून जाई, "छान आहे हो. गाल बघा कसे वर आलेत." मग विहिणी-विहिणींचं लोणच्यात मोहरी किती ते सुरू. वरदाच्या घशात वाक्य एकच होतं, मला इथे राहवत नाही. ते आली तेव्हापासून तिथेच अडकलेलं. अंबरीशला एकदा सांगून पाहिलं. आई प्रेमाने करते गं, एवढं तो म्हणाला आणि त्याचा पेजर वाजला.

ऑगस्टात लॅपटॉपने काहीतरी अपडेट गिळलं आणि तो मुका झाला. स्पीकरच्या चित्रावर लाल फुली, पडद्यावर आई नुसतेच ओठ हलवतेय. वरदाने इल्फर्डच्या शशिधरला फोन केला. शशिधर म्हणजे मंडळाचा हक्काचा दुरुस्तीवाला. ज्या घरी जेवायला बोलावतील त्या घरी श्रीखंडाच्या आधी त्याला बिघडलेला लॅपटॉप वाढत. त्याने सांगितलं, यंत्र ठणठणीत आहे. पण आवाज चालवणारा जो प्रोग्राम असतो, ड्रायव्हर, तो अपडेटमध्ये नवा आलाय आणि त्याचं जुळत नाहीये. डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत जा, नवा काढ, जुना परत आण. तोवर यूएसबीचा हेडसेट लाव, त्याला लॅपटॉपच्या आवाजाची गरज लागत नाही.

अंबरीशचा लेक्चरं ऐकायचा हेडसेट होता. वरदाने तो कानाला लावला आणि आईला सांगितलं की आज स्पीकर गेलेत, मला एकटीलाच ऐकू येतंय. पलीकडे आई पडद्याजवळ सरकली. लोणचं राहिलं बाजूला.

"मी विचारते. तू नुसतं हो-नाही म्हण," आई म्हणाली. "जेवतेस का नीट?"

"हो."

"घुसमटतेस का गं तिथे?"

वरदाने शेजारी पाहिलं. सुनीतीबाई पडद्याकडे बघून हसत हात हलवत होत्या.

"हो," वरदा म्हणाली.

आईशी किती गोड बोलते, असं सुनीतीबाईंनी नंतर अंबरीशला कौतुकाने सांगितलं.

सोमवारी वरदाने जुना ड्रायव्हर परत आणला. आवाज खणखणीत आला. तिने तो ऐकला, त्याच यादीत ‘डिसेबल’वर क्लिक करून ड्रायव्हर बंद केला, आणि घरात जाहीर केलं की नाही जमलं.

मंडळाच्या गणपतीत कोट टांगायच्या जागी तिने शशिधरला गाठलं. "नव्याशी जमलंच नाही, जुन्यालाच आणलंय. पण रविवारी सगळे घरात असताना तो बंदच राहायला हवा. मधेच उठणार नाही ना?" कोटांच्या पलीकडे स्वाती देवस्थळी स्वतःचा कोट शोधत होत्या. त्यांना तो बराच वेळ सापडला नाही.

आरती संपेपर्यंत ड्रायव्हर सर्वांना ठाऊक. सुनीतीबाईंनी घरी येऊन सरळ विचारलं, "हा ड्रायव्हर कोण?" लॅपटॉपचा, वरदा म्हणाली. सुनीतीबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या आणि पुढच्याच रविवारी त्यांनी शशिधरला पुरणपोळीला बोलावलं.

शशिधरने यादी उघडली. ड्रायव्हर जागच्या जागी, धडधाकट. बंद केलेला. एक क्लिक पुरे होती. वरदा ताटं मांडत होती, तिचे हात थांबले. शशिधरने लॅपटॉप मिटला.

"काकू, हा ड्रायव्हर आता मिळत नाही."

"तुला सुद्धा जमू नये?" सुनीतीबाई हळहळल्या. मग उजळल्या. "जाऊ दे. नाताळ झाला की बॉक्सिंग डेच्या सेलमध्ये नवाच घेऊ. मोठ्या स्पीकरचा. आम्ही सगळे मिळून बोलू."

वरदाने पोळीवर तूप वाढलं. ते ताटाबाहेर गेलं.

उरलेले रविवार ती कानाला हेडसेट लावून बसली आणि आई विचारत गेली. नोकरी करू देतात का? नाही. अंबरीश ऐकतो का? नाही. शेवटच्या रविवारी सुनीतीबाई संत्रं सोलून एकेक फोड तिच्या हातात ठेवत होत्या.

"येतेस घरी?" आईने विचारलं.

"हो."

नव्या लॅपटॉपवरून पहिला कॉल सुनीतीबाईंनी एकटीने लावला, स्पीकर फुल करून. सांगलीच्या बाजूला पडद्यासमोर वरदा बसली होती. कधी येतेस, त्यांनी विचारलं. "अहो आई, मला तिथे राहवत नाही," वरदा म्हणाली.

वरदा कुणाबरोबर पळाली नव्हती. ती माहेरपणाला म्हणून दुपारच्या विमानाने एकटी गेली आणि हीथ्रोला सोडायला सुनीतीबाईच होत्या. ड्रायव्हर आवाजाचा होता. तो तिनेच बंद केला होता.