पाय मागे आला नाही

बाबांची मान त्यांच्या आधी वाकायची. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. निजामपुऱ्यातल्या यंत्रमागाच्या कारखान्यात मी त्यांचा डबा घेऊन जायचे. एकदा मी दारात पोचते न पोचते तोच एका लूमचा धोटा निसटला. धोटा म्हणजे सुताची कांडी पोटात घेऊन कापडातून इकडून तिकडे पळणारा टोकदार लाकडी तुकडा. तो थेट बाबांच्या तोंडावर आला. मी किंचाळले, तोवर तो मागच्या भिंतीवर आपटून खाली पडलाही होता आणि बाबा वाकलेले होते.

"तुम्हाला दिसला?" मी विचारलं.

"न्हाय गं बाय. मान कधी वाकली, मलाच कळलं न्हाय," म्हणाले आणि तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला लागले.

दहावीत मला याचं नाव मिळालं, प्रतिक्षिप्त क्रिया. पुस्तकात मेणबत्ती, बोट आणि पाठीचा कणा यांची आकृती होती. चटका बसला की कातडीची बातमी कण्यापर्यंत जाते आणि तिथूनच हुकूम सुटतो. हात मागे येतो, मेंदूला मागाहून कळतं. मान वाकण्याची वाट थोडी वेगळी, ती मेंदूच्या बुडाशी जाऊन येते, पण तीही आपल्याला विचारत नाही. मी कितीतरी दिवस थक्क होऊन फिरत होते. आईच्या डोळ्यांपुढे टाळी वाजवून पापण्या मिटतात का ते बघायचे आणि शिव्या खायचे. परीक्षेत त्या आकृतीला मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

बाबांना साखर होती, पण गोळ्या घ्यायची आठवण त्यांना फक्त आईने भांडण काढलं की व्हायची. मी बारावीत असताना त्यांचे पाय बधीर व्हायला लागले. चालता चालता चप्पल मागे राहायची आणि हे तसेच दहा पावलं पुढे. आम्ही खो खो हसायचो. "बारा बारा तास हुबा राहतो, पाय झोपनारच," ते म्हणायचे. मग आत्याने सुचवलं की अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय शेकून या, भल्याभल्यांचा वात जातो.

शुक्रवारी लूम बंद असायचे. आम्ही दोघं एसटीने गेलो. तिथल्या सगळ्यात कढत कुंडात मी पाय घातला आणि पाय बाहेर! आधी पाय वर आला, चटका नंतर कळला, अगदी पुस्तकातल्या क्रमाने. मला एवढं नवल वाटलं की मी पुन्हा पुन्हा तेच करून बघत बसले. शेजारी बाबा पोटऱ्यांपर्यंत पाय सोडून निवांत बसले होते.

"काय दम हाय या मानसाचा!" पलीकडचे एक आजोबा म्हणाले.

"लूमवाल्याची कातडी हाय," बाबा ऐटीत म्हणाले. माझीही छाती फुगली. मी घड्याळ लावून बघितलं नाही, पण बराच वेळ ते तसेच बसून होते.

संध्याकाळी घरी आल्यावर आईला फोड दिसले. डावा पाय लवकर सुकला. उजवा चिघळला.

दवाखान्यात डॉक्टरांनी बाबांच्या गुडघ्याखाली छोट्या हातोडीने टकटक केलं. पाय उडाला नाही. मग तळव्याला टाचणी लावली.

"टोचलं?"

"कधी?" बाबांनी विचारलं.

"बातमीच निघत नाही, पाय मागे येणार कशाला?" डॉक्टर म्हणाले. मग मला बाहेर नेऊन त्यांनी सांगितलं की पंधरा दिवस बघू, जखम वर चढली तर गुडघ्याखाली पाय काढावा लागेल. तोवर पाय जमिनीला लावायचा नाही. मी कुंडाकाठी हातभर अंतरावर बसले होते, आकृती तोंडपाठ असलेली मी. माझा मलाच इतका राग आला की त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग रोजची पट्टी मी करायला लागले. त्यांच्या अंघोळीचं पाणीही आधी माझा हात बघायचा. तेराव्या दिवशी सकाळी पाण्याचं पातेलं उतरवताना फडकं सरकलं आणि उकळतं पाणी माझ्या मनगटावर आलं. पुढचं मला नीट सांगता येत नाही. एवढंच आठवतं की माझा हात गार पाण्याच्या पिंपात होता आणि तो बाबांनी धरला होता. त्यांची खुर्ची खोलीच्या दुसऱ्या टोकाला होती. पट्टीचा पाय त्यांनी फरशीवर पूर्ण टेकवला होता.

"बाबा, पाय!" मी ओरडले.

त्यांनी खाली पाहिलं, दुसऱ्याच कुणाचा पाय असावा तसं.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी पट्टी सोडली, बराच वेळ बघितलं, वास घेतला. करंगळी जाणार होती, पाय राहणार होता. मला रडू फुटलं आणि त्या भरात मी सगळं कबूल करून टाकलं.

डॉक्टर भडकले. "उठू नका म्हणून सांगितलं होतं ना? का उठलात?"

"मी न्हाय उठलो, डॉक्टर," बाबा म्हणाले. "हिचा हात भाजला."