साडूभाऊंची अर्धी धून

वर्षानुवर्षं राखून ठेवलेली एक धून मी एका चहावाल्यापायी थांबवली. चहावाल्याचा त्यात काही दोष नाही. गाढवपणा सर्वस्वी माझा. ती धून मँडोलिनवर वाजवत होते माझे साडू, आणि माझ्या साडूंइतका शिस्तीचा वादक लखनऊतच काय, गोमतीचं पाणी जिथवर जातं तिथवर शोधून सापडायचा नाही. बँकेत शिपाईसुद्धा माझं ऐकत नाही. माझ्या हाताला आयुष्यात किंमत दिली ती या एका माणसाने, आणि ती नको तेव्हा दिली.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. दोघींनाही सांगलीहून आमच्या नोकऱ्यांनी इथे आणून टाकलं. मी अलीगंजच्या एका बँकेत लोकांना कर्ज का मिळणार नाही हे गोड शब्दांत सांगतो, आणि शनिवार-रविवार कीबोर्ड वाजवतो. साडूभाऊ एका संशोधन संस्थेत झाडांच्या मुळांवर काम करायचे. एका मोठ्या गायकाच्या दौऱ्यात आमचा बँड त्यांच्या आधी वाजवायचा. 'आधी' म्हणजे कानपूरला, बाराबंकीला, गोरखपूरला लोक खुर्च्या शोधत असतात तेव्हा. चांगली खोली मोठ्या बँडला. आम्ही वाद्यं सुरात लावायचो ती मंडपवाल्याच्या गाद्यांच्या ढिगाआड, एकदा तर जिलेबीच्या कढईशेजारी. साडूभाऊंनी तिथेही खिशातून थर्मामीटर काढला आणि तारा का उतरल्या ते हलवायाला शास्त्रशुद्ध समजावलं. हलवायाने त्यांना डॉक्टर समजून गुडघा दाखवला. गर्दीतला जो एक माणूस आधी स्थिरस्थावर होईल, त्याच्यासाठी ते जीव तोडून वाजवायचे. गोरखपूरला तो भाग्यवान गृहस्थ उठून स्टेजपाशी आला आणि म्हणाला, "भैया, ये टेस्टिंग कब तक चलेगी?" साडूभाऊ नम्रपणे वाकले. "बस जनाब, होने ही वाली है।"

आता माझ्या हाताबद्दल. गायकाची गाडी दाराशी आली की विंगेतला मॅनेजर हात वर करायचा. त्याच्याकडे लक्ष ठेवायचं काम माझं. त्याचा हात दिसला की मी माझा वर करायचा, आणि आम्ही सगळ्यांनी थांबायचं. बाकीचे ओळ पुरी करून थांबायचे. साडूभाऊ असतील तिथे थांबायचे, सूर लोंबकळत राहिला तरी. ही सवय इतकी हाडीमाशी खिळली की घरी जेवताना मी पुरी नको म्हणून हात वर केला तरी ते बोलता बोलता गप्प व्हायचे. आणि त्यांचा दुसरा नियम असा की एकदा थांबलेलं पुन्हा सुरू करायचं नाही. "गार झालेले पोहे परत गरम करून खाल का तुम्ही?" मी खातो, पण तो मुद्दा नव्हता. संस्थेच्या डायरेक्टरांच्या गाडीत साप निघाला होता म्हणे; त्याचं पुढे काय झालं, डायरेक्टरांचं काय झालं, मला आजतागायत ठाऊक नाही. नेमकी तेव्हा पुरी आली होती.

तर ती धून. ती त्यांनी ताईंसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीसाठी, बांधली होती. घरी ताईंच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे ताईंनी नवऱ्याला स्टेजवर कधी पाहिलंच नव्हतं. "घरी वाजवतो तो रियाज. ऐकवायचं ते स्टेजवर," हा साडूभाऊंचा तिसरा नियम. म्हणून गावोगावी ती धून शेवटच्या जागेवर असायची, आणि गावोगावी तिच्या आधी गाडी यायची. ते मँडोलिन पेटीत ठेवत म्हणायचे, "बरं झालं, ती आज इथे नव्हतीच."

सासूबाई गेल्या, त्यानंतरच्या थंडीत छावणीजवळच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. ताई पहिल्या रांगेत. आणि त्या दिवशी नशिबाने गाडी वेळेवर आलीच नाही. आमची गाणी संपली, साडूभाऊंनी ताईंकडे एकदा पाहिलं आणि सुरुवात केली. धून हळूहळू वर चढत होती. वरच्या सुराशी कुणीतरी दार उघडून उभं असेल असं वाटत होतं. तेवढ्यात मॅनेजरचा हात वर गेला. माझा गेला. साडूभाऊ थांबले.

मॅनेजर धावत आला. "अरे भाईसाहब, बंद क्यों कर दिया? हम तो चायवाले को बुला रहे थे! गाड़ी तो अभी अमौसी एयरपोर्ट पर फँसी है।"

"साडूभाऊ, माझी चूक झाली हो, वाजवा," मी हात जोडले. ते तारा पुसत होते.

"हात वर झाला होता," ते शांतपणे म्हणाले. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यानंतर गाडी येईपर्यंत आम्ही लग्नातली गाणी बडवली. परतताना ताईंनी गाडीत विचारलं, "छान होतं हो. पण एवढंसंच होतं का?"

"एवढंसंच होतं," साडूभाऊ म्हणाले. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

त्यानंतर ती धून त्यांनी कुठल्याच गावी घेतली नाही. गेल्या महिन्यात ते निवृत्त झाले. घर आवरून दोघं सांगलीला निघाली, पुण्याच्या विमानाने. मी अमौसीला पोचवायला गेलो. तिकीट दाखवायची रांग हलत नव्हती. मी कठड्याच्या अलीकडे, ते पलीकडे, ट्रॉलीवर मँडोलिनची पेटी. आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, ताईंच्या कानाशी वाकून ते शीळ घालू लागले. मी पहिल्या सुरालाच ओळखलं. तीच. तशीच हळूहळू वर चढणारी. स्टेज नाही, माईक नाही, दुसरा आणि तिसरा, दोन्ही नियम मोडून माणूस शीळ घालत होता, आणि ताई बॅगा विसरून ऐकत होत्या. आता लखनऊत माझं ऐकणारं कुणी उरणार नाही, या विचाराने मला राहवलं नाही आणि मी निरोपाचा हात वर केला.

साडूभाऊंनी वर पाहिलं. शीळ थांबली.

ताई वळल्या. माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"भाऊजी, तुम्ही आधी घरी जा बघू. तुम्ही गेल्याशिवाय यांचं काही पुरं व्हायचं नाही."