कोबीचा खड्डा

नदीकाठच्या वस्तीत तिला सगळे चकचककाकू म्हणत. तोंडावर नव्हे, तेवढी छाती कुणाची नव्हती. तिच्या रानात तणाची काडी दिसायची नाही, आणि दुसऱ्याच्या रानात दिसली तर चार शब्द ऐकवल्याशिवाय ती पुढे जायची नाही. नवरा गेल्यावर शेती तिने एकटीने सांभाळली, ती अशी, घर झाडावं तशी.

पूर आला आणि उभा कोबी पाण्याखाली गेला. पाणी ओसरलं तसे गड्डे सडले, वास सुटला. बाकीच्यांनी नाकाला फडकं लावून सरकारी पाहणीची वाट बघितली. हिला कुठला दम निघतोय! सुनेला घेऊन तिने सगळा सडका कोबी बांधाकडेच्या खड्ड्यात पुरला, वर माती ओढली, मोकळ्या रानात नवी रोपंही लावून टाकली. कंबर मोडली, पण जीव थाऱ्यावर आला.

मग कळलं, भरपाई मिळते ती डोळ्यांना दिसणाऱ्या नुकसानीची.

भरपाई तिला हवीच होती. पाण्याचा पंप गाळाने भरून बंद पडला होता. पंप नाही तर पीक नाही, आणि पीक नाही तर रान दिराला कसायला देऊन आपण घरात बसायचं. ते तिच्याने होणारं नव्हतं.

दीर तसा मनाचा चांगला. म्हणाला, "वहिनी, साहेब आले की माझ्या रानात उभ्या राहा. माझा कोबी दोघांना पुरेल इतका सडलाय."

"त्या उकिरड्याला मी माझं रान म्हणू?"

"घटकाभर म्हणायचं. नंतर आहेच माझं."

"घटकाभरसुद्धा नाही."

खोट्याची भीती होती की दिराच्या रानातल्या तणाची लाज, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

पाहणीला आलेला साहेब पोरसवदा होता. हिरव्या ओळी बघून म्हणाला, "काकू, नुकसान कुठंय? सगळ्या शिवारात एवढंच रान बरं दिसतंय."

एरवी हे शब्द तिने वर्षभर मिरवले असते. आज ते झोंबले.

"इकडे या," म्हणत तिने फावडं उचललं आणि खड्ड्यावरची माती ओढायला लागली. सून पुढे झाली, तिला तिने अडवलं. "तू थांब. पुरायला मीच लावलं होतं."

माती सरली तसा वास उसळला. रस्त्यावरची माणसं थांबली. एकेका काडीवरून ज्यांना तिने वर्षानुवर्षं बोल लावले, त्यांच्यादेखत ती काळा, पाझरता चिखल उपसत राहिली. कुणी हसलं नाही. दीर तेवढा बांधावरून म्हणाला, "यापेक्षा माझं बरं की वहिनी," आणि खाली उतरून त्याने दुसरं फावडं हातात घेतलं.

साहेबाने नाक दाबून फोटो काढायला घेतला. ती हात पुसून केस सारखे करायला लागली.

"आवरू नका काकू. आहात तशाच राहा."

ती तशीच राहिली. पुरापेक्षा ते तिला जड गेलं.

मदत आली. रान पुन्हा लावलेलं म्हणून इतरांपेक्षा कमीच आली. नवा पंप झाला नाही, जुना दुरुस्त झाला. रान तिच्याकडेच राहिलं.

काही वर्षांनी नदी पुन्हा आत शिरली. "पाहणी होईस्तोवर हात लावायचा नाही हं, वहिनी," दीर बजावून गेला. एक दिवस ती कशीबशी थांबली. मग फावडं घेऊन उतरलीच, पण कडेची एक सरी तेवढी सडू दिली. पाहणीचा माणूस येईपर्यंत तिथून जाताना ती तोंड फिरवायची, आणि सुनेलाही सांगायची, "तिकडे बघू नकोस."