दोन सुताची फट

मिस्त्रींचा स्वतःच्या पटाशीवरसुद्धा विश्वास नव्हता. सकाळी आल्या आल्या ती अंगठ्यावर फिरवून विचारायचे, "माज्या माघारी कोनी वापरली का हिला?" चहा दिला तर आधी आम्हाला प्यायला लावायचे. नवी फळी आली की बोटाच्या पेरानं ठोकून कान लावायचे, आणि तोवर आम्ही गप्प उभे.

आमच्या मच्छीमार संस्थेनं धरणात चालवायला कोकणातून एक जुनी शिडाची होडी आणली. तिचा डेक पार कुजलेला. तो बदलायला जन्मभर बैलगाड्या केलेले हे मिस्त्री मिळाले. मी संस्थेचा सचिव. त्याच वर्षी नेमकं धरण आटलं. भेगाळलेल्या गाळात होडी टेकू लावून उभी, आणि मिस्त्री तिच्यावर छत्री बांधून रंधा मारताहेत! मांजरसुंब्याहून लोक मुद्दाम बघायला येत.

त्यांनी फळ्या बसवल्या त्या दोन-दोन सुताची, म्हणजे पाव इंचाची, फट ठेवून. चेअरमननी कारण विचारलं, तर म्हणाले, "आता लाकूड तहानलेलं हाय. पानी लागलं की फुगंल. घट्ट बसवलं तर डेक उचकटंल."

मला पटेना. फटी ठेवून लाकूड वाचवलं असणार! फळ्या मोजल्या, तर खरंच एक कमी. सभेत पंधरा माणसांसमोर मी बोलून मोकळा झालो, "फळी मिस्त्रींनी चोरली." मिस्त्री उठले, धोतर झटकलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी झडती घ्यायच्या तोऱ्यात मी त्यांच्या घरी गेलो. फळी दारातच होती. पाण्याच्या पिंपात उभी, अंगावर पेन्सिलीच्या खुणा. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे मावशी म्हणत, कावल्या होत्या, "टँकर आठ दिसाला येतो, आन ह्यांची फळी पानी पितीय!" ती किती फुगते ते मिस्त्री रोज मोजत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हात जोडले.

"हितं हात कावून जोडता?" मिस्त्री म्हणाले. "सभेत बोलला ना, सभेतच सांगा. तवर फळी हितंच ऱ्हाईल."

डेक त्यांनी पुरा केला, त्या एका फळीची जागा सोडून. तिथं पत्रा ठोकला. सभा काही झाली नाही. सभासद ऊसतोडीला गेले होते हे खरं, पण ते परतल्यावरही मी बोलावली नाही. लाज वाटत होती. पुढच्या उन्हाळ्यात मिस्त्री वारले.

मग एकदाचं धरण भरलं. होडी पाण्यात उतरवली, आठ दिवस डेक भिजत ठेवला. फटीत नख घालून पाहिलं, जाईना.

त्याच दिवशी काठावर सभा घेतली. मिस्त्रींनी चोरी केली नव्हती, मी खोटा आळ घेतला होता, हे सगळ्यांना सांगितलं. मागं बसलेल्या मावशी उठून घरी गेल्या आणि फळी डोक्यावर घेऊन आल्या.

"हे सांगून गेलते," त्या म्हणाल्या. "सेक्रेटरी सभेत बोलल्याबिगर देऊ नको म्हनून."

मी हात पुढं केला, तर त्यांनी फळी मागं ओढली. "आदी ठोकून बघा. मागून नावं ठेवू नका."

मी पेरानं ठोकली, कान लावला, आणि त्या पंधरा माणसांसमोर मला रडू आलं.